साताऱ्याची वस्त्रं
(रोजनिशीतील पाने)

२२ जुलै

सकाळी पाऊस उघडला तशी मेणवलीला जाऊन आले. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, घाटावर ती मोठी पोर्तुगीज घंटा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हाच्या मोहिमेतून आलेली. नदीनं घाटाच्या निम्म्या पायऱ्या पोटात घेतल्या होत्या.

नानांचं मला कायम नवल वाटत आलं आहे. ते पेशवे नव्हते. शिंदे-होळकरांसारखी फौज त्यांच्या पदरी नव्हती, रणांगण हे त्यांचं क्षेत्रही नव्हतं. तरी वीसेक वर्षं मराठी राज्याचा कारभार त्यांच्या लेखणीनं चालला. निजाम, हैदर, टिपू, इंग्रज या सगळ्यांना त्यांच्या पत्राची दखल घ्यावी लागे. आणि हे सारं चाललं होतं सवाई माधवरावांच्या नावावर. त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते जेमतेम चाळीस दिवसांचे होते. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले. वर्ष पुरं व्हायच्या आत नानांना पुणं सोडून वाईला यावं लागलं आणि वाईहून पुढं महाड गाठावं लागलं. बुद्धी तीच होती, पैसा होता, माणसंही बरीचशी तीच होती. ज्या नावानं सही चालायची, ते नाव तेवढं उरलं नव्हतं.

मुक्काम धाकटीकडे आहे. वाईच्या पुढं, कृष्णेच्याच खोऱ्यात तिचं सासर. गेल्या निवडणुकीत ती सरपंच झाली. रात्री भांडी आवरता आवरता म्हणाली, "अक्का, सही माझी, शिक्का माझा, खुर्ची माझी. मग माझं चालत का नाही?"

जन्मभर इतिहास शिकवला. या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देणं मला शोभणार नाही. इथं आहे तोवर रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे.

२५ जुलै

आज दिवसभर ग्रामपंचायतीत बसले. धाकटीच्या टेबलावर दाखल्यांचा गठ्ठा होता, घरपट्टीच्या थकबाकीची यादी होती, आणि एकामागून एक माणूस येत होता. येणारा आधी दारातून आत डोकावून "साहेब न्हाईत का?" असं तिच्या यजमानांना शोधतो. ते बिचारे मुद्दाम रानात जाऊन बसतात. सरपंचबाईंचा नवरा कारभार बघतो असं कुणी म्हणू नये, ही त्यांची धडपड मला फार मोलाची वाटली.

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि पंचायतींना घटनेत जागा मिळाली. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. सरपंच थेट गावानं निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. धाकटी अशीच थेट निवडून आली आहे. सदस्यांत मात्र समोरच्या पॅनेलचं बहुमत. गावाच्या भाषेत, सरपंच यांचा आणि बॉडी त्यांची.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. टेकडीवरच्या टाकीतून दोन लाइनी निघतात, एक वरच्या आळीला आणि एक खालच्या वस्तीला. वरच्या आळीत एक मोठं घर आहे. तिथून फोन गेला की वस्तीचा वॉल बंद होतो. धाकटीनं लेखी आदेश काढला, वॉलमनला बोलावून वाचून दाखवला. त्यानं निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वैनी, तुमी म्हणता त्ये खरंच हाय. पर मला हितं ऱ्हायचंय."

संध्याकाळभर ते वाक्य डोक्यात होतं. धाकटीचं म्हणणं खरं आहे हे त्याला पटलेलं होतं. तरी वागायचं कुणाच्या सांगण्यानं, हे त्याला दुसऱ्याच कशावरून ठरवावं लागत होतं. मोठ्या घरापाशी भीती आहे आणि धाकटीपाशी कागद आहे. भीतीनं पाणी वळतं. कागदानं अजून वळत नाही.

२९ जुलै, सातारा

संगम माहुलीला गेले होते. कृष्णा आणि वेण्णा इथं मिळतात. शाहू महाराजांची समाधी इथलीच. पावसात भिजलेले दगड, चिटपाखरू नाही. तिथं उभी राहून मी त्यांची सारी कारकीर्द मनात उलगडली.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि मोगलांच्या कैदेत वाढलेले शाहू सुटून दक्षिणेत आले. सोबत मूठभर माणसं. समोर ताराबाईंचं चालतं राज्य, त्यांची फौज, आणि त्या फौजेचे सेनापती धनाजी जाधव. येणारा माणूस तोतया आहे, असं सांगून सैन्य पाठवलेलं. भीमेकाठी खेडला गाठ पडली. हे संभाजीराजांचेच चिरंजीव, अशी खात्री पटताच धनाजी शाहूंना येऊन मिळाले. पुढच्या जानेवारीत साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. सैन्य ताराबाईंकडे होतं. ते सैन्य स्वतःहून चालत शाहूंकडे आलं.

पुढं चाळीस वर्षं शाहू साताऱ्यातच राहिले. मोहिमा इतरांनी केल्या. पण दोन बलवान सरदारांचं जमेना तेव्हा निवाडा साताऱ्यात होई. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावांच्या फौजेशी लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. मराठ्यांनीच मराठ्यांचा सेनापती मारला होता. राज्य दुभंगायला एवढं पुरेसं होतं. शाहू स्वतः तळेगावला गेले, पुत्रशोकानं पेटलेल्या उमाबाई दाभाड्यांची समजूत काढली आणि सेनापतिपद त्यांच्याच घरात ठेवलं. १७४३ मध्ये बंगालवरून नानासाहेब पेशवे आणि रघुजी भोसले यांची हातघाई झाली. शाहूंनी दोघांना साताऱ्याला बोलावलं आणि मुलूख वाटून दिले. बंगाल-ओरिसाकडची बाजू रघुजींना, माळव्याकडची पेशव्यांना. दोघांपैकी कुणाही एकाची फौज शाहूंच्या खासगी फौजेहून कितीतरी मोठी होती. तरी दोघांनी निवाडा मानला.

हा निवाडा मानण्यात त्या दोघांचाही स्वार्थ होता, हे मी विसरत नाही. आपल्याला पटलेला आणि शत्रूलाही पटेल असा एक माणूस असणं, ही त्यांची स्वतःची गरज होती. शाहूंचा अधिकार त्या गरजेत रुजलेला होता, म्हणून तो त्यांना तलवारीनं राखावा लागला नाही.

३० जुलै, सातारा

अजिंक्यताऱ्यावर धुकं इतकं, की खालचं शहर दिसलंच नाही. याच किल्ल्यात रामराजे कैदेत होते.

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू गेले आणि रामराजे गादीवर आले. १७५० मध्येच सांगोल्याच्या करारानं कारभाराची सूत्रं पेशव्यांकडे गेली, आणि त्याच वर्षअखेर ताराबाईंनी रामराजांना इथं किल्ल्यात अडकवलं. नानासाहेबांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. साताऱ्याचा छत्रपती बंदोबस्तात असणं पुण्याच्या सोयीचंच होतं. पुढं थोरल्या माधवरावांनी त्यांना गडावरून खाली शहरात राहू दिलं, पण कारभार काही परत दिला नाही.

आता या काळातली एक गोष्ट पाहा. राज्याची सगळी सत्ता पुण्यात होती. अटकेपर्यंत घोडी नेणाऱ्यांना साताऱ्यातल्या एका बंदिस्त माणसाकडून काय हवं असणार? तरीही १७६१ मध्ये माधवरावांनी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घेतली. १७७२ मध्ये नारायणरावांनी घेतली, १७७३ मध्ये रघुनाथरावांनी, आणि १७७४ मध्ये ती पुरंदरावरच्या तान्ह्या सवाई माधवरावांसाठी आणवली गेली. चारही वेळा देणारे रामराजे. वस्त्रांवाचून पेशवा पेशवा होत नव्हता, म्हणून ती लागत होती. पण मागेल त्याला ती मिळू लागली. नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथरावांना मिळाली, आणि वर्ष उलटायच्या आत रघुनाथरावांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या बारभाईंनाही मिळाली.

ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्याला किंमत किती उरणार? पेशव्यांनी गादी राखली आणि गादीचा नकार तेवढा कुलूपबंद केला. त्या कुलपानं त्यांचंच नुकसान झालं. शाहूंनंतर शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांच्या भांडणाला वरचं न्यायस्थान उरलं नाही. पेशवा स्वतःच एक पक्ष, त्याचा निवाडा दुसऱ्यानं का मानावा? १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकर एकमेकांशी लढले. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजा मोडल्या, दुसरा बाजीराव पळाला आणि वर्ष संपता संपता वसईला इंग्रजांच्या तहावर सही करून मोकळा झाला. त्या वेळी साताऱ्याला जाऊन "आमचा निवाडा करा" असं म्हणावं, हे कुणाच्या मनातही आलं नसेल. साठेक वर्षांपूर्वी ते आपसूक सुचलं असतं.

गादीच्या नावाची ही किंमत इंग्रजांनी नेमकी ओळखली. १८१८ मध्ये पेशवाई बुडवताना त्यांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. लोकांच्या मनात छत्रपती या नावाला अजून जागा होती आणि नव्या सत्तेला ती हवी होती. पाय रोवल्यावर १८३९ मध्ये त्यांनीच महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, आणि १८४८ मध्ये राज्यच खालसा केलं.

३ ऑगस्ट

वाईला परत. धाकटीच्या पॅनेलचे प्रमुख आले होते. वयानं मोठे, मनानं चांगले, निवडणुकीत तिच्यासाठी दारोदार फिरलेले. विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचा.

"वैनी, पाण्याचा विषय भर सभेत घेऊ नका. गोंधळ होणार. त्यापरीस सभा तहकूब करू. गणपूर्ती झाली नाही म्हणायचं. तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. आठ दिवसांनी आपली पंधरा-वीस माणसं बसवू आणि ठराव करून टाकू. नियमात बसतंय."

नियमात बसतं, हे खरं आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी असेल तेवढी माणसं ग्रामसभेला हवीत. तेवढी नसली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला ती अट नाही. या वाटेनं किती गावांत कागदावर सभा होत असतील! प्रोसिडिंग घरी लिहायचं आणि सह्या घरोघर फिरून गोळा करायच्या.

धाकटीला तो सल्ला मोहात पाडत होता. खालच्या वस्तीला पाणी लवकर मिळालं असतं, काम झालं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "तुला निवडून कुणी दिलं?"

"गावानं."

"मग गाव एका जागी जमतं ती हीच सभा. तिला कुलूप लावून तिच्याच नावानं ठराव आणशील, तर तो ठराव मोडायला मोठ्या घराला फोनसुद्धा करावा लागणार नाही. उद्या त्यांची माणसं निवडून आली की तेही तहकूब सभा घेतील आणि त्यांचाही ठराव नियमात बसेल."

प्रमुख नाराज होऊन गेले. धाकटी बराच वेळ गप्प होती. झोपताना म्हणाली, "सभा घ्यायची. भरगच्च घ्यायची."

६ ऑगस्ट

आज रामशास्त्री प्रभुण्यांवर वाचत बसले. ते मूळचे माहुलीचे. तरुणपणी काशीला जाऊन शिकले, १७५१ च्या सुमारास पेशव्यांच्या चाकरीत आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले.

त्यांच्या दोन गोष्टी साताऱ्याचा पहिला इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ यानं १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदल्या आहेत. पहिली थोरल्या माधवरावांची. ते ध्यानधारणेत फार रमू लागले तेव्हा शास्त्रीबुवा निरोप घ्यायला गेले. ब्राह्मणधर्म पाळायचा असेल तर दोघेही काशीला जाऊन राहू, राज्य करायचं असेल तर प्रजेचं हित हाच धर्म समजा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. माधवरावांनी ऐकलं.

दुसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं. रघुनाथराव पेशवे झाले. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि माग थेट रघुनाथरावांपाशी येऊन थांबला. रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारलं. शास्त्र्यांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि या राज्यात राहणार नाही म्हणून पुणं सोडलं. वाईजवळच्या एका खेड्यात येऊन राहिले. म्हणजे इथंच, या डोंगरांच्या कुशीत कुठंतरी.

ही गोष्ट सांगताना सगळे शास्त्र्यांच्या धैर्यावर थांबतात. माझं मन आज रघुनाथरावांवर अडलं. त्यांनी विचारलंच का? वाड्यात गारदी त्यांचे, खजिना त्यांचा, वस्त्रंही मिळालेली. एका पंचेवाल्या न्यायाधीशाचं उत्तर त्यांना कशासाठी हवं होतं? कारण आपण निर्दोष आहोत हे स्वतःच्या तोंडानं सांगून भागणार नव्हतं. ते ज्याच्या तोंडून आलं तर लोक मानतील असा एक माणूस राज्यात होता, आणि तो विकत मिळत नव्हता.

रामशास्त्र्यांनी कुणाची भेट-नजराणा घेतला नाही अशी त्यांची ख्याती होती. पद सोडून जाताना त्यांच्या हातून काही निसटलं नाही. पुण्याच्या न्यायासनाची इभ्रत मात्र त्यांच्यासोबत वाईच्या वाटेनं निघून गेली. बारभाईंनी राज्य सावरलं तेव्हा त्यांनी शास्त्र्यांना सन्मानानं परत आणलं. माणसं वश करता येतील, खरेदी करता येतील, धाकात ठेवता येतील. ज्याचा कौल लोक मानतात असा माणूस यांतल्या कुठल्याच वाटेनं मिळत नाही. तो जपावा लागतो. जपायचा म्हणजे त्याचं आपल्याविरुद्धचं बोलणंही ऐकून घ्यायचं.

धाकटीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग आधी आमच्याच घरचा नळ." तिचं घर वरच्या आळीत आहे. सकाळचं पहिलं पाणी तिच्याही घरी येतं.

९ ऑगस्ट

क्रांतिदिन. शाळेतल्या मुलांनी फेरी काढली.

हा जिल्हा या दिवसाला विशेष जागतो. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथं चाललं. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजची सांगलीकडची गावंही येत. पोलीस, तुरुंग, कोर्टकचेऱ्या, मामलेदार हे सगळं इंग्रजांकडे होतं. पण गावोगाव न्यायदान मंडळं बसली आणि बांधाची, वाटणीची, देण्याघेण्याची भांडणं लोक तिथं नेऊ लागले. सरकारी शिक्का नसलेला निकाल मानला जाऊ लागला. हुंडा-मानपान टाळून गांधी पद्धतीची लग्नं लागली.

प्रतिसरकारचं नाव निघालं की लोक तुफान सेना सांगतात, धुळ्याच्या खजिन्याची लूट सांगतात, गावगुंडांना दिलेल्या शिक्षा सांगतात. धाक होताच, तो नाकारायचं कारण नाही. पण नुसत्या धाकावर शेतकरी आपल्या बांधाचं भांडण तुमच्यापुढे आणून ठेवत नाही. ते तो विश्वासानं आणतो. मामलेदाराकडे सत्ता राहिली आणि पारावर बसलेल्यांकडे अधिकार आला, असे दिवस या मातीनं बघितले आहेत. आणि सगळी सत्ता हाती असणाऱ्यालाही लोकांचं हे मानणं लागतंच. शिवाजी महाराजांनी ६ जून १६७४ ला रायगडावर अभिषेक करवून घेतला, तेव्हा त्यांच्यापाशी गड, फौज, खजिना सगळं होतं. रयतेला आपला राजा हवा होता, शेजाऱ्यांना या राज्याला राज्य म्हणावं लागणार होतं, म्हणून अभिषेक हवा होता. त्या आधीची कैक वर्षं रयतेच्या भाजीच्या देठाचीही फिकीर केली होती, म्हणून तो अभिषेक लोकांच्या मनात टिकला.

१४ ऑगस्ट

आज महिला सभा झाली. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायची असा नियम आहे. एरवी ती सह्यांपुरती होते. आज शाळेचा व्हरांडा भरला.

खालच्या वस्तीच्या बायकांनी पंधरवड्याचं टिपण आणलं होतं. कोणत्या दिवशी पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं. कुणाच्या लेकीनं वहीत लिहिलं होतं. एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "आमी काय जास्तीचं मागत न्हाई. कवा येनार त्येवढं सांगा. रातभर जागून हांडं मांडून बसतो आमी."

वरच्या आळीच्या बायकाही होत्या. त्यांच्यातल्या काहींना हे प्रथमच कळत होतं. एकीनं मान खाली घातली, एकीनं टिपण मागून घेऊन वाचलं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा. गणपूर्ती होऊन वर माणसं उभी होती. मी मागं बायकांत बसले.

पाण्याचा विषय निघाला आणि आवाज चढले. "टाकीला जागा आमी दिली." "वर्गणी कुनी जास्त भरली?" "पाणीपट्टी सारखीच घेता न्हवं?" धाकटी मध्ये बोलली नाही. सगळ्यांचं झाल्यावर उठली. वहीतल्या तारखा वाचल्या. मग आपली सूचना मांडली. एक आठवडा वस्तीला आधी पाणी, दुसरा आठवडा आळीला आधी. वेळा पंचायतीच्या फळ्यावर. वॉलची चावी कार्यालयात. "आणि आळीची पाळी असेल त्या आठवड्यात आमच्या घराला सगळ्यांत शेवटी. हे ठरावात लिहा, भाऊसाहेब."

ग्रामसेवकांनी मान वर करून पाहिलं. सभा क्षणभर शांत झाली.

मग आळीतले एक वयस्कर गृहस्थ उठले. निवडणुकीत ते पूर्ण विरोधात होते. म्हणाले, "वैनी, पाळी मान्य. पर आमच्या हिकडं गोठं जास्त. सकाळी दूध काढायच्या टायमाला पाणी लागतंय. जनावरं आठवडा बघत न्हाईत." त्यांचं म्हणणं रास्त होतं. धाकटी म्हणाली, "बरोबर आहे. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं." वस्तीच्या बायकांकडे वळून तिनं विचारलं. तिथं कुजबुज झाली. मग त्याच आजी म्हणाल्या, "जनावरास्नी पाणी पायजेच. पहाटं अर्धा तास त्यास्नी द्या."

ठराव दुरुस्त झाला. सूचक आळीतले तेच गृहस्थ, अनुमोदक वस्तीतल्या वहीवाल्या मुलीची आई. मोठ्या घरचे दोघे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी हात वर केला नाही, विरोधही नोंदवला नाही. सगळ्यांच्या देखत म्हणण्यासारखं कारण त्यांच्यापाशी नव्हतं. ग्रामसेवकांनी ठराव मोठ्यानं वाचला आणि मगच प्रोसिडिंगमध्ये लिहिला.

मी जे पाहिलं ते मला स्पष्ट लिहून ठेवायचं आहे. धाकटीच्या मनासारखा ठराव झाला नाही. तिनं आणलेला मसुदा गावानं तिच्या डोळ्यांदेखत बदलला. आणि त्या बदलानंच तिचा शब्द सकाळी होता त्याहून संध्याकाळी वजनदार झाला.

१८ ऑगस्ट

काल रात्री वॉलमनला फोन आला. तो पंचायतीच्या ओट्यावरच बसला होता, आम्ही दोघी आत. तो म्हणत होता, "न्हाई जमनार, दादा. समद्या गावानं हात वर केल्यात. तुमाला तर म्हाईतच हाय, मला हितं ऱ्हायचंय."

तीनेक आठवड्यांपूर्वी याच वाक्यानं वस्तीचं पाणी अडवलं होतं. माणूस बदललेला नाही, त्याची भीतीही पुरती गेली नसेल. पण आता एका घराच्या रागापेक्षा गावाचा ठराव मोडणं त्याला जड वाटतं आहे. त्याला पाठीशी घ्यायला एक जागा मिळाली आहे. अधिकाराचं हे मोठं काम आहे. तो दुबळ्या माणसाला बलिष्ठाला नाही म्हणायचं कारण पुरवतो.

उद्या मी परत निघेन. त्याआधी धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवते. सत्ता एकट्यानं मिळवता येते आणि एकट्यानं राखताही येते, निदान काही काळ. अधिकार मात्र दुसऱ्यांच्या मनात राहतो, आणि ते तो कुठल्यातरी जागी आपल्याला देतात. छत्रपतींचा दरबार असेल, रामशास्त्र्यांचं न्यायासन असेल, पारावरची बैठक असेल, शाळेच्या व्हरांड्यातली ग्रामसभा असेल. त्या जागेला आपल्याला नाही म्हणायची मुभा असते, म्हणून तिच्या हो म्हणण्यात बळ असतं. पुढाऱ्याचं पहिलं काम ती जागा उघडी ठेवणं. तिथून आपण हरून परतलो तरी उद्या परत तिथंच जाण्याची तयारी ठेवणं. पुण्यानं साताऱ्याची गादी बंदोबस्तात ठेवली आणि अर्ध्या शतकात आपलीच मुळं सुकवून घेतली. एवढ्या मोठ्या राज्याला जे परवडलं नाही, ते आपल्या गावाला, आपल्या तालुक्याला, आपल्या राज्याला परवडेल असं मानायला माझं मन तयार नाही.

धाकटी आत्तापासूनच २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस लिहायला बसली आहे. विषय स्मशानभूमीच्या रस्त्याचा. पाण्यापेक्षा अवघड, कारण यात दोघांच्या बांधातली जमीन जाणार आहे. पॅनेलप्रमुख परत आले होते. या वेळी तहकूब सभेचं नाव त्यांनी काढलं नाही, माणसं कशी जमवायची ते विचारलं. ठराव मंजूर होईल याची खात्री नाही, असं धाकटी त्यांना म्हणाली. मग मला म्हणाली, "अक्का, ठराव हरला तर पुन्हा मांडता येईल. सभा हरता कामा नये."